दुःश्रुती आणि माझे हेडफोन



आज एक कबुली देते. चौसष्टाव्या वर्षी मला एक व्यसन लागले. टीव्हीवरच्या मालिका मी कधी मन लावून पाहिल्या नाहीत, पत्त्यांचा नाद नाही. व्यसन लागले ते गोष्ट ऐकण्याचे.

होळीला नात जव्हारला आली होती. मला दिवसभर स्वयंपाकघरात पाहून म्हणाली, "आजी, हात कामात असतात, कान तर मोकळे आहेत ना?" आणि तिने मोबाईलवर एक इंग्रजी पॉडकास्ट लावून दिला, 'वेलकम टू नाइट व्हेल'. जोसेफ फिंक आणि जेफ्री क्रेनर या दोघांनी 2012 साली अमेरिकेत सुरू केलेली ही काल्पनिक मालिका. वाळवंटातले एक छोटे गाव, तिथले गावापुरते रेडिओ केंद्र, आणि सेसिल नावाचा निवेदक गावच्या बातम्या देतो. बस, एवढेच. पण बातम्या कसल्या? गावात कुत्र्यांसाठी बाग केली आहे, तिथे कुत्र्यांना मनाई आहे. रेडिओ केंद्राच्या बाथरूममध्ये एक मांजर जमिनीपासून चार फूट वर तरंगत असते. पाच तोंडांचा ड्रॅगन महापौरपदाला उभा राहतो. चमकणारा ढग येतो आणि पुढे तोच शाळेच्या मंडळाचा अध्यक्ष होतो. हवामानाची वेळ झाली की हवामान सांगतच नाहीत, गाणे लावतात. आणि हे सगळे नगरपरिषदेची पाणीपट्टीची सूचना वाचावी तितक्या शांतपणे!

पहिल्या दिवशी मी हसले. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना पुन्हा लावले. चौथ्या दिवशी भाजी निवडून झाली तरी बसून राहिले.

का गुंतले, याचा विचार केला. एक तर ते गाव मला ओळखीचे वाटले. आमच्या जव्हारची नगरपरिषद 1918 सालची, गाव लहान, कोणाकडे पाहुणे आले ते दुपारपर्यंत सगळ्या पेठेला कळते. दुसरे म्हणजे त्या मालिकेत एक पात्र आहे: तुमच्या घरात गुपचूप राहणारी, चेहरा नसलेली म्हातारी. ती घरभर वावरते, सगळे पाहते, कोणाला दिसत नाही. तीसुद्धा महापौरपदाला उभी राहते! हे ऐकताना हातातले लाटणे थांबले. मैत्रिणींनो, कारण सांगायला हवे का?

आपल्या पिढीला हे नवीन नाही म्हणा. मुंबई आकाशवाणीवरच्या 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी आपल्याला घरच्यासारखेच होते. पण ती श्रुतिका संपली की संपली. पुढची ऐकायची तर वाट पाहणे आले. इथे अडीचशेहून जास्त भाग मोबाईलमध्ये तयार. एक संपला की दुसरा आपोआप सुरू. वाट पाहणे हाच आपला संयम होता, तो कोणीतरी हळूच काढून घेतला.

मी बी.कॉम. आहे, हिशेब सुटत नाही. दोन महिन्यांत बहात्तर भाग झाले. भाग साधारण पंचवीस मिनिटांचा, म्हणजे अठराशे मिनिटे. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचे. म्हणजे साडेसदतीस सामायिके मी त्या वाळवंटात घालवली. तरी हेही मान्य करते की या खात्यावर मला फारसे वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते दुसऱ्या नोंदीचे.

आमच्याकडे कामाला येणारी ताई मोखाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावरची. मे महिन्यात एका सकाळी भांडी घासता घासता ती काहीतरी सांगत होती. माझ्या कानात हेडफोन. मी मान डोलावली, "बरं, बरं" म्हटले. ती गेली आणि पुढचे तीन दिवस आली नाही. मी चिडले. डायरीत तीन खाडे लिहिले, पगारातून कापायचे म्हणून.

चौथ्या दिवशी आली. म्हणाली, "काकी, सांगितलं होतं ना तुम्हाला? पाड्याची विहीर आटली. रात्री झऱ्यावर नंबर लावून बसतो, वाटी वाटी पाणी भरतो. सासू तिथंच पडली, पाय मुरगळला. तुम्ही बरं म्हणालात."

मी बरं म्हणाले होते खरी.

विचित्र गोष्ट ऐकायला मी अमेरिकेच्या वाळवंटात गेले होते. आणि इथे? पावसाळ्यात या तालुक्यात पाऊस थांबत नाही, घाटात चार हातांवरचे दिसत नाही. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच आहे, त्याचे पाणी मुंबईच्या नळाला जाते. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. सेसिलने ही बातमी वाचली असती तर ऐकणारे म्हणाले असते, काय कल्पना आहे!

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक दुःश्रुती. राग, द्वेष, मद वाढवून चित्त मलिन करणारे ऐकणे. आपल्यातल्या काही जणी याचा अर्थ असा घेतात की धर्मग्रंथाखेरीज काही ऐकूच नये. मला ते पटत नाही. आपल्या आचार्यांनी स्वतः किती कथा रचल्या! श्वेतांबर परंपरेतल्या हरिभद्रसूरींची समराइच्चकहा ही महाराष्ट्री प्राकृतातली, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेतली. नऊ भव चालणारी गोष्ट, आजच्या भाषेत नऊ सीझनच. तिची सुरुवात आठवा. महिन्याच्या उपवासाचे पारणे करायला राजाच्या आमंत्रणावरून तपस्वी अग्निशर्मा दारात येतो, आणि राजवाड्यात काहीतरी गडबड चालू असल्याने त्याच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. असे तीनदा होते. त्यातून उठलेला द्वेष नऊ जन्म पुरतो. राजा गुणसेन वाईट नव्हता. त्याचे लक्ष दुसरीकडे होते, एवढेच.

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. समजली ती डायरीतले तीन खाडे खोडताना.

म्हणून माझे मत असे: गोष्ट काल्पनिक आहे की विचित्र आहे, यावरून दुःश्रुती ठरत नाही. ती ऐकल्यावर आपले कान दारातल्या माणसासाठी उघडतात की बंद होतात, यावरून ठरते. एखादीच्या कानात दिवसभर भक्तिगीते असतील आणि सुनेचा आवाज ऐकू येत नसेल, तर हिशेब तिलाही करावा लागेल.

मी पॉडकास्ट सोडलेला नाही, खोटे कशाला बोलू! पण नियम घेतला आहे. आधी सामायिक, मग गोष्ट. दिवसाला एकच भाग, आपोआप पुढे जाणे बंद. आणि घरात दुसरे माणूस असेल तेव्हा हेडफोन डब्यात. ताईची आणि तिच्या सासूची क्षमा मागितली. सासूच्या पायाला तेल पाठवले, पाण्याचे दिवस संपेपर्यंत ताईला अर्धा दिवस सुट्टी दिली. याने विहीर भरत नाही, हे मला कळते.

आता भांडी घासताना ताई बोलते आणि मी ऐकते. तिच्या पाड्यावरच्या बातम्या रोजच्या रोज मिळतात. पुढचा भाग ऐकायला मात्र दुसऱ्या सकाळची वाट पाहावी लागते.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.