यंत्रावर जगणं म्हणजे काय?

आमच्या वयाच्या मंडळींत हल्ली एक वाक्य वरचेवर ऐकू येतं. "मला नाही बुवा यंत्रावर जगायचं!" डॉक्टरांनी पेसमेकर सुचवला की हे उत्तर ठरलेलं. माझा एक मावसभाऊही तेच म्हणतो. नाडी चाळिसाच्या खाली जाते, दोनदा घेरी येऊन पडला, तरी ऐकत नाही. त्याच्यासारख्यांसाठीच हा लेखनप्रपंच.

मी मराठीचा मास्तर, विज्ञानाचा नव्हे. पण वाचून जे समजलं ते असं. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटासा पुंजका असतो, सायनस नोड. ब्रिटनमधल्या आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. ठोका निघतो तो इथून, मेंदूतून नव्हे! हृदयारोपणात नसा कापल्या जातात, तरी ते हृदय परक्या छातीत चालू राहतं. उलट जरा जलदच चालतं, कारण एरवी त्याला आवर घालणारी व्हेगस नस आता जोडलेली नसते.

आणि हा ठोका पडतो विजेनेच. पेशीच्या आत-बाहेर सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे विद्युतभारित कण ये-जा करतात. हृदयाच्या इतर बहुतेक पेशी एक ठोका झाला की पुढचा सांगावा येईपर्यंत स्वस्थ बसतात. या पुंजक्याला स्वस्थता माहीतच नाही. आतला विद्युतदाब उणे साठ मिलिव्होल्टच्या आसपास उतरला की काही दारं उघडतात आणि सोडियम आत झिरपू लागतं. दाब हळूहळू चढतो, मग कॅल्शियमची दारं उघडतात, की पडला ठोका! एरवी अशी दारं दाब चढल्यावर उघडतात, ही मात्र उतरल्यावर. म्हणून संशोधकांनी या प्रवाहाला 'फनी करंट', म्हणजे चक्रम प्रवाह, असं नाव दिलं. ब्राउन, डिफ्रान्सेस्को आणि नोबल यांनी १९७९ मध्ये दाखवलं की अ‍ॅड्रेनलिनमुळे हा प्रवाह वाढतो. घाबरल्यावर छाती धडधडते त्यात याचाही वाटा.

आता सांगा, जन्मापासून आपण विजेवरच जगत आलो ना? उतारवयात या पुंजक्यातल्या पेशी कमी होतात, कधी ठोक्याची पुढची वाट अडते. पेसमेकर एवढंच करतो की आपला ठोका वेळेवर आला नाही तर एक बारीकशी ठिणगी देतो. आकुंचन पावायचं काम हृदयाचंच. १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला. तो काही तासच चालला. पुढे वीसहून अधिक यंत्रं बदलत ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले.

दुसरी भीती, "मग जीव सुखाने जायचा नाही." तसं नाही. हृदयाचा स्नायूच थकला की ठिणगीला उत्तर मिळत नाही. पेसमेकर मरण अडवून धरत नाही, चक्कर येऊन न्हाणीघरात पडणं मात्र टाळू शकतो.

नकार द्यायला इतर कारणं असू शकतात. दुसरं मोठं दुखणं, जंतुसंसर्गाचा धोका, खर्च, काही वर्षांनी बदलावी लागणारी बॅटरी. ती डॉक्टरांसमोर मोकळेपणी मांडावीत, आणि मग होय किंवा नाही म्हणावं. तो हक्क आपलाच. फक्त 'यंत्र' या एका शब्दाला भिऊन तो वापरू नये, इतकंच माझं म्हणणं.