एका जनुकाची दुरुस्ती, दोन दशकांची चिकाटी

‘लेबर कंजेनिटल अमॉरोसिस’ हा डोळ्याच्या पडद्याचा जन्मजात आजार. मूल संधिप्रकाशातही चाचपडू लागते आणि वय वाढेल तशी उरलीसुरली नजरही जाते. त्याच्या एका प्रकारावर आज उपचार आहे. ‘लक्स्टर्ना’ या जनुकोपचाराला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता दिली. हे यश समजून घेताना त्यामागचा काळही मोजायला हवा.

उजेड टिपताना पडद्यातील पेशी ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेले एक द्रव्य खर्च करतात. ते पुन्हा वापरण्याजोगे करणारे प्रथिन ‘आरपीई६५’ या जनुकाच्या आधारे तयार होते. आई आणि वडील दोघांकडून या जनुकाची सदोष प्रत आली, की हे चक्र बंद पडते. पेशी काही वर्षे जगतात, पण काम करू शकत नाहीत. शल्यविशारद निरुपद्रवी विषाणूमार्फत जनुकाची निर्दोष प्रत पडद्याखाली टोचतात आणि चक्र पुन्हा सुरू होते.

या जनुकातील दोषाचा आजाराशी असलेला संबंध १९९७ मध्ये उघड झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जीन बेनेट, अल्बर्ट मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिआर्ड जातीच्या जन्मांध कुत्र्यांना दृष्टी दिल्याचे २००१ मध्ये जाहीर झाले. फिलाडेल्फिया आणि लंडन येथील रुग्णांवरील पहिले निष्कर्ष २००८ मध्ये आले. मंजुरीपूर्वीच्या निर्णायक चाचणीत रुग्णांना कमीअधिक उजेडात अडथळ्यांच्या वाटेवरून चालवून पाहिले गेले. नेत्रतपासणीच्या तक्त्यावरील अक्षरांइतकेच महत्त्व रोजच्या वावराला देणारी ही कसोटी होती.

मर्यादाही स्पष्ट आहेत. पडद्यात पुरेशा जिवंत पेशी असतील तरच उपचार लागू पडतो. स्वतंत्र चाचण्यांतील काही रुग्णांत मिळालेला लाभ पुढे ओसरल्याचे २०१५ मध्ये दिसले. पडद्याचे वंशागत आजार शेकडो जनुकांशी निगडित आहेत आणि हे औषध त्यांपैकी एकाच जनुकावरचे. अमेरिकेत दोन्ही डोळ्यांसाठी त्याची किंमत साडेआठ लाख डॉलर ठेवली गेली.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. पडद्याच्या इतर आजारांवरही याच वाटेने संशोधन सुरू आहे. आपल्याकडे नात्यात लग्ने होतात आणि अशा विवाहांत दोन्ही प्रती सदोष येण्याचा धोका वाढतो. म्हणून लहान मुलाची नजर कमी आहे असे वाटताच, पेशी जिवंत असतानाच जनुकीय निदान व्हायला हवे. ती सोय जिल्हा पातळीपर्यंत पोहोचवणे हे सरकारचे काम आहे. पण उपचार घडवण्याची वाट लांब असते. जनुकदोषाचा आजाराशी संबंध उघड झाल्यापासून औषध मंजूर होईपर्यंत २० वर्षे गेली. तीन वर्षांच्या अनुदानावर जगणारी प्रयोगशाळा एवढी वाट चालू शकत नाही. आपल्या विद्यापीठांतून असे उपचार निघावेत, त्यांची किंमत इथल्या कुटुंबांच्या आवाक्यात राहावी, अशी इच्छा असेल, तर दीर्घ मुदतीच्या सार्वजनिक निधीची तरतूद आजच करायला हवी.