गरम होतोय? आधी ठिणगी बघा

जुना पेट्रोल ट्रॅक्टर तापायला लागला की लोक रेडिएटरकडे धावतात आणि सुरू व्हायला कुरकुर करू लागला की बॅटरीकडे. दोन्ही वेळा पुष्कळदा चुकीचं दार ठोठावलं जातं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि त्या चुकीच्या दाराआड बसलेला माणूस बिल भलतंच मोठं काढतो.

निमित्त घडलं ते इथले, आयोवातले, आमचे शेजारी आजोबा. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचा, १९४९ सालचा फोर्ड एट-एन आहे. हे मॉडेल १९४७ ते १९५२ या काळात बनलं, पाच लाखांहून जास्त. चार सिलिंडर, सहा व्होल्ट, आणि गंमत म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चासीला. तर हा ट्रॅक्टर गवत कापताना अर्ध्या तासात उकळायला लागला. एका दुरुस्तीवाल्याने न उघडताच निकाल दिला : हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल, त्यापेक्षा भंगारात द्या. आजोबा जवळजवळ तयार झाले होते हो!

हेड गॅस्केट गेलं की नाही हे बघायला इंजिन खोलावं लागत नाही. थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, इंजिन सुरू करा, पाण्यात सारखे बुडबुडे येतात का बघा. (गरम असताना झाकणाला हात लावू नका, तोंड भाजेल.) इथे एकही बुडबुडा नव्हता. दोष निघाला तो डिस्ट्रिब्यूटरमध्ये!

आता ठिणगीचा आणि तापण्याचा संबंध काय? आपल्याकडे ट्रॅक्टर म्हणजे डिझेल, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. पण जुनी स्कूटर चालवलेल्यांना सीबी पॉइंट आठवत असतील. तेच इथे आहेत. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधून ठिणगी पडते. पॉइंट उघडणारा फायबरचा छोटा तुकडा कॅमवर घासून झिजतो, मग फट कमी होते आणि पॉइंट उशिरा उघडतात. ठिणगी उशिरा पडली की जळणं लांबतं, एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही वायू नको इतका तापलेला असतो. एट-एनचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये आहेत, म्हणजे ती आग ब्लॉकमधल्या वाटेनेच बाहेर जाते आणि तिची बरीच उष्णता थंड करणाऱ्या पाण्यात उतरते. बिचारा रेडिएटर तरी किती करणार?

या मॉडेलला फट हवी पंधरा थाउ, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. (१९५० मध्ये डिस्ट्रिब्यूटर इंजिनाच्या बाजूला गेला. त्याला पंचवीस थाउ लागते, तेव्हा साल बघून गेज घाला.) पुढे बसवलेला डिस्ट्रिब्यूटर पंख्यामागे अडचणीत असतो. तिथेच वाकून खटपट करण्यापेक्षा दोन बोल्ट काढून तो टेबलावर आणावा. परत बसवताना तेवढी काळजी घ्या : खालची जीभ मुद्दाम मध्यापासून सरकवलेली आहे, ती एकाच तऱ्हेने बसते. नाही बसली म्हणून बोल्टने आवळत गेलात तर घर फुटतं. आजोबांच्या पॉइंटमध्ये सगळ्यात पातळ गेजही अडकत होतं. नवे पॉइंट, कंडेन्सर, फट नीट, आणि रेडिएटरच्या जाळीतलं गवताचं बी मागच्या बाजूने पाण्याने धुऊन काढलं. बास. आता ते दुपारभर गवत कापतात.

दुसरं दार बॅटरीचं. सहा व्होल्टवर सुरू होत नाही? बारा व्होल्ट करून टाका, असं जो तो सांगतो. माझा त्याला सरसकट विरोध नाही, दिवे आणि सुटे भाग सोपे होतात. पण तो इलाज आहे, निदान नाही. स्टार्टर दोनशे अँपिअर ओढत असेल आणि गंजलेल्या जोडांत मिळून शंभरावा हिस्सा ओहम रोध असेल, तर दोन व्होल्ट तिथेच गेले. बारातून दोन गेले तर कळत नाही, सहातून गेले तर कॉइलला उरतं काय? केबल जाड घ्या, टोकं आणि चासीचा जोड घासून चकचकीत करा, मग ठरवा. नाहीतर हे सर्व्हर अडला की रॅम वाढवण्यासारखं होतं. आम्ही ऑफिसात तेच करतो, ते सोडा! आणि बारा करणारच असाल तर कॉइल तरी बाराची घाला किंवा योग्य रोध लावा. जुनी सहाची कॉइल तशीच ठेवली तर ती जळते.

थर्मोस्टॅट काढून फेकणारे वेगळेच. एट-एनमध्ये तो वरच्या होजमध्येच बसतो, त्यामुळे काढणं अगदी सोपं, म्हणून मोह होतो. पण मग इंजिन कायम थंड चालतं, तेलात पाणी साठतं आणि काळा चिखल होतो. तापण्याचं खरं कारण मात्र जागच्या जागी.

इथे आता थंडीची तयारी आहे. पाणी गोठलं की फुगतं आणि ब्लॉक तडकतो, म्हणून अँटिफ्रीझ आणि पाणी निम्मं-निम्मं. नुसतं अँटिफ्रीझ ओतू नका, ते मिश्रणापेक्षा लवकर गोठतं. जुनं पाणी काढताना रेडिएटरखालचा कॉक उघडून थांबू नका, ब्लॉकचाही उघडा. त्यातून काहीच आलं नाही तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका. तोंडाशी गंजाचा गाळ असतो. तार घालून ढोसा. आजोबांच्या ब्लॉकमधून चहाच्या रंगाचं पाणी आलं, आणि ते बराच वेळ येतच राहिलं.