लहान गाडीला आधी सोडा!

“डस्टर घेऊन जाणार तू? मग ट्रॅक्टरवाल्याला आत्ताच फोन करून ठेव!”

मेसमध्ये फीस्टच्या दिवशी समोरच्या टेबलावरून हे वाक्य आलं आणि आमची अख्खी विंग ताटं वाजवून हसली. झालं होतं एवढंच, की मावळात एका क्लबचा ऑफरोडिंगचा कार्यक्रम आहे आणि त्यात मी आमच्या अण्णांची गाडी घेऊन उतरणार आहे, असं मी जाहीर करून बसलो होतो. ऑफरोडिंग म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती थार नाहीतर जिप्सी. तीसुद्धा सस्पेन्शन उचललेली, छातीएवढे टायर लावलेली, पुढे विंच बसवलेली. गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं, त्याचे व्हिडिओ बघून बघून हेच चित्र पक्कं झालेलं. अशा ठिकाणी आमची पांढरी डस्टर म्हणजे कुस्तीच्या फडात इस्त्रीचा शर्ट!

तर मित्रहो, मी गेलो. अर्धा पराक्रम केला, अर्धा पोपट झाला. व्हिडिओ सगळ्यांकडे आहेच, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. पण तेव्हापासून एक मत डोक्यात बसलंय, ते सांगायला हा लेख. साध्या ऑल व्हील ड्राइव्ह गाडीनं अशा कार्यक्रमाला जरूर जावं. शिकायला तिच्यासारखी गाडी नाही. मात्र मी पाहिलेल्या कार्यक्रमात साध्या गाडीला सगळ्यात शेवटी सोडतात, आणि माझ्या मते तिथंच सगळं चुकतं.

आधी गाडीबद्दल. डस्टरची ऑल व्हील ड्राइव्ह आवृत्ती आपल्याकडे २०१४ साली आली आणि २०२० मध्ये बीएस सिक्सचे नियम लागू झाले तेव्हा डिझेल इंजिनाबरोबरच गेली. आमची २०१५ ची, सेकंडहँड. अण्णांनी ती हौस म्हणून घेतलेली नाही. पाटण तालुक्यात आमची वस्ती डोंगराच्या पोटाला आहे. शेवटचा दीड किलोमीटर निव्वळ लाल माती, आणि पावसाळ्यात त्या वाटेला वाट म्हणणं हाच विनोद. मोटरसायकलीवरनं दोनदा आपटल्यावर अण्णांनी ही गाडी बघितली. पेंडीची पोती, आजी, माझ्या बहिणीची सायकल, सगळं हीतनंच वर जातं.

गाडी जमिनीपासून २१० मिलीमीटर उंच. इंजिन दीड लिटरचं, ११० पीएसचं. गिअरच्या शेजारी एक गोल बटण: टू व्हील, ऑटो आणि लॉक. खऱ्या फोर बाय फोरमध्ये असते ती लो रेंज, म्हणजे ट्रान्स्फर केसमधली जास्तीची गिअरजोडी, हिच्यात नाही. त्याऐवजी कंपनीनं पहिला गिअरच फार छोटा केलाय. १००० आरपीएमला गाडी ताशी सहा किलोमीटरसुद्धा जात नाही. रस्त्यावर तो पहिला गिअर वैताग आणतो, सिग्नल सुटला की लगेच दुसरा टाकावा लागतो. पण वस्तीच्या चढावर तोच कामाला येतो. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझी वाट याच्यावरूनच लागली.)

सकाळी सातला तपासणी. सीटबेल्ट, टो हुक, अग्निशामक नळकांडं, बॅटरी घट्ट आहे का. मग टायरमधली हवा ३२ वरनं २० पीएसआयवर आणायला सांगितली. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो आणि मऊ मातीत दाब वाटला जातो. आमच्या पार्टनरनं विचारलं, “मग दहावर आणू की!” तिथल्या काकांनी हसून सांगितलं, की एवढी कमी केली तर जोरात वळवताना टायर रिमवरनंच सुटेल. पुस्तकात ‘कॉन्टॅक्ट पॅच’ची व्याख्या आपण सगळ्यांनीच लिहिली आहे. मी ती पहिल्यांदा गुडघ्यावर बसून डोळ्यांनी पाहिली.

पहिला टप्पा दगडगोट्यांचा ओढा. पाण्यात गाडी घालायच्या आधी काठी घेऊन चालत जायचं, खोली बघायची, मगच जायचं. तो निघाला.

दुसऱ्या टप्प्यावर खरा तास झाला. एकाआड एक खड्डे, डावा-उजवा, डावा-उजवा. गाडी मध्ये गेली की पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत. मी शहाणपणानं बटण लॉकवर ठेवलं होतं. तरी गाडी जागच्या जागी! हवेतली दोन चाकं मजेत फिरतायत आणि जमिनीवरची दोन ढिम्म. आपल्या ऑटो लॅबमध्ये डिफरन्शियलचं कापलेलं मॉडेल आहे, हँडल फिरवलं की फिरतं. व्हायवात सर हमखास विचारतात, “एक चाक धरून ठेवलं तर दुसऱ्याचं काय होईल?” आपण हमखास सांगतो, “दुप्पट वेगानं फिरेल, सर.” मार्क मिळतात. पण त्या उत्तराची दुसरी बाजू अशी, की ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना टॉर्क सारखाच देतं. हवेतल्या चाकाला फिरायला जवळजवळ काहीच टॉर्क लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही जवळजवळ काहीच मिळत नाही! ‘लॉक’ हे बटण फक्त पुढचा आणि मागचा आस एकमेकांना बांधतं. डाव्या-उजव्याचं भांडण तसंच राहतं. हे मला सहाव्या सेमला पाठ होतं. कळलं मात्र त्या खड्ड्यात.

मार्शलनं फूटभर मागे घ्यायला लावलं आणि थोडी तिरकी लाईन दाखवली, म्हणजे दोन चाकं एकाच वेळी पूर्ण सुटणार नाहीत. हळू, पण थांबायचं नाही. गाडी डोलत डोलत बाहेर आली. माझ्या आधी एक मोठ्ठी जीप तिथनं नुसता ॲक्सिलरेटर दाबून उडत गेली होती. तिचा ड्रायव्हर त्या खड्ड्यात काय शिकला? काहीच नाही, त्याला गरजच पडली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. साध्या गाडीची मर्यादा लवकर येते, पाच किलोमीटरच्या वेगात येते, आणि समोर येऊन ‘मी इथं आहे’ म्हणते. ताकदवान गाडीत ती येते तेव्हा बहुतेक वेळा गाडी आडवी होत असते. आपल्या बाजाच्या पोरांना हे सांगायला नकोच. २००७ साली पिथमपूरला ती स्पर्धा सुरू झाली, तिचा गाभाच हा, की सगळ्यांना सारखंच छोटं इंजिन, आता वजन, गिअर आणि ड्रायव्हर यांत काय करायचं ते करा.

तिसरा टप्पा. काळ्या मातीचा चढ. काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरून जातात आणि रस्त्याचा टायर गुळगुळीत भोपळा होतो. पण माझं घोडं तिथं पेंड खात नव्हतं. साध्या गाड्या अडकल्या तर लाईन तुंबते म्हणून आम्हाला शेवटी ठेवलं होतं. माझ्या आधी चौदा गाड्या त्या चढावरनं गेल्या, बऱ्याचशा माझ्या गाडीपेक्षा हातभर उंच. त्यांनी आपापल्या मापाच्या चाकोऱ्या पाडल्या आणि मध्ये मातीचा बांध उरला. त्यांच्या पोटाखालनं तो बांध आरामात जातो. माझ्याकडे २१० मिलीमीटर, आणि हवा कमी केल्यामुळे त्यातलेही थोडे गेलेले! चाकं चाकोरीत आणि पोट बांधावर, म्हणजे चारही चाकांवरचं वजनच कमी. मग ऑल व्हील असो नाहीतर आणखी काही. सकाळी आठ वाजता तोच चढ सपाट होता आणि माझी गाडी तो चढली असती, असं मला आजही वाटतं. परीक्षा सगळ्यांना एकच, पण मला पेपर मिळाला तो चौदा जणांनी खरडलेला.

आता माझी चूक. मार्शलनं विचारलं होतं, “बाजूनं बायपास आहे, तिकडनं काढतोस का?” शांतपणे विचारलं होतं. पण शंभरेक माणसं उभी, कुणीतरी शिट्ट्या मारतंय, पार्टनर मोबाईल धरून, आणि डोक्यात ते मेसमधलं वाक्य. मी म्हणालो, “नाही, ट्राय करतो.” एकदा केला. दोनदा केला. तिसऱ्यांदा क्लचचा वास सगळ्या चढावर पसरला. ज्यांनी तो घेतलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही घेतला त्यांनी घेऊ नये. शेवटी एका जीपच्या विंचनं हळूहळू मागे ओढलं. टो हुक संथ ओढायला असतो, झटक्याला नाही, म्हणून कुणाला झटका मारू दिला नाही आणि दोर ताणल्यावर सगळ्यांना लांब उभं केलं. त्या माणसांना मानलं पाहिजे, एकही जण हसला नाही. हसली ती आपली विंग, नंतर.

संध्याकाळी अण्णांना फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता.

“पयल्यात हुतास का दुसऱ्यात?”

“दुसऱ्यात. जोर मिळावा म्हणून.”

“वस्तीच्या चढाला मी कधी दुसरा टाकल्याला बघितलायस?”

मी बघितलेला नव्हता. क्लबातल्या कुणालाही माहीत नव्हतं ते अण्णांना एका प्रश्नात कळलं. क्लचच्या बिलाचा आकडा इथं लिहीत नाही, कारण हा अंक घरी जातो आणि आईला निम्माच सांगितलाय. पण आकड्यापेक्षा दुसरं लागलं. त्या सोमवारी आजीला डोळे दाखवायला कराडला न्यायचं होतं. गाडी गॅरेजला. आजी दीड किलोमीटर चालत खाली आली आणि वडापनं गेली. मला कुणी काही बोललं नाही.

म्हणून आता जे भरवतात त्यांच्याशी भांडतो. लहान गाड्या आधी सोडा. जमीन ताजी असताना त्यांना त्यांच्या ताकदीचा प्रश्न मिळू दे. मोठ्यांनी मागनं येऊन खुशाल खोदावं, त्यांना ते परवडतं. यावर उत्तर ठरलेलं आहे, की लहान गाड्या अडकतात आणि वेळ जातो. जातो, खरंय. पण शेवटी सोडल्या तर जास्तच अडकतात, वर क्लच जाळतात. फक्त वेळच वाचवायचा असेल तर बायपासनं जाणाऱ्याचंही नाव माईकवर घ्या, तो ‘सोडून गेला’ म्हणून नाही, पुढच्या टप्प्याला आला म्हणून. मला ‘हो, बायपासनं जातो’ म्हणायला दोन सेकंद लागले असते. ते दोन सेकंद मला शिट्ट्यांमुळे सापडले नाहीत. आणि ‘ही खरी फोर बाय फोर नव्हेच’ म्हणणाऱ्यांनी एकदा जुलैत आमच्या वस्तीवर जेवायला यावं.

हेच आपल्या ऑटोच्या सरांनाही सुचवायचंय. डिफरन्शियलचं प्रॅक्टिकल वर्षातनं एकदा लॅबच्या मागच्या मैदानात घ्या. दोन खड्डे खणायला आम्ही पोरं येतो. जर्नलमध्ये आकृती काढण्यापेक्षा कष्ट कमीच पडतील.

असो. नवा क्लच बसलाय. पावसाळ्यानंतर त्याच क्लबचा पुन्हा कार्यक्रम आहे आणि लहान गाड्यांची वेगळी सकाळची तुकडी करू, असं त्यांनी म्हटलंय. अण्णांनी गाडी द्यायचं कबूल केलंय, अट एकच, की ते स्वतः येणार आणि स्टीअरिंगवर तेच बसणार. मागच्या सीटवर तीन जागा आहेत. बी विंगवाल्यांनी नावं रूमवर येऊन द्यावीत. डिझेलची वर्गणी आधी.