मुंबईत उतरायचे कुठे?

वाचकहो, ‘उतरणे’ हे आपल्या भाषेतले मोठे सोयीचे क्रियापद आहे. माणूस गाडीतून उतरतो, एखाद्याच्या घरी उतरतो आणि जरा चुकले तर त्याच घरच्या माणसांच्या मनातूनही उतरतो. गेल्या हिवाळ्यात मुंबईच्या एकाच फेरीत ही तिन्ही कामे माझ्या हातून व्हायची वेळ आली होती. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईचे बेत आखणारे पुष्कळ असतात. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ही हकिगत सांगतो.

आमचे बिऱ्हाड नागपूरचे. कन्येला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका कचेरीत मुलाखतीचे बोलावणे आले. ती म्हणाली, “बाबा, मी एकटी जाऊन येते.” तिची आई म्हणाली, “एकटी कशाला? मीही येते.” मग माझी आई माळ ओढता ओढता थांबली आणि म्हणाली, “मलाही न्या रे. पुन्हा कुठं जमायचंय!” आईला ऐंशी पूर्ण झाली आहेत. तिच्या या वाक्यापुढे कोण बोलणार? मुलाखतीला एकजण आणि सोबतीला तिघे अशी विदर्भ एक्सप्रेसची चार तिकिटे काढली, आणि घरात वाद सुरू झाला: उतरायचे कुठे?

कन्या म्हणाली, “वांद्र्याला. मुलाखत जवळ, समुद्र जवळ, बॅन्डस्टँड जवळ.” खिसा मात्र लांब, हे मी तिला दर पाहून दाखवले.

सौभाग्यवतींचे मत दादरला. दादरसारखी मध्यवर्ती जागा मुंबईत दुसरी नाही, आणि हे खरेच आहे. पश्चिम आणि मध्य या दोन्ही मार्गांच्या गाड्या एकाच पुलाच्या दोन बाजूंना मिळतात. फुलबाजार आहे, शिवाजी मंदिरात नाटक आहे, साड्यांची दुकाने आहेत. दादर-माटुंग्याची वस्ती मुळात आखून वसवलेली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, गर्दीच्या पेठांत माणसे पटापट मेली, तेव्हा १८९८ मध्ये सुधारणा मंडळ नेमून उत्तरेकडे मोकळे रस्ते आखायला सुरुवात झाली. शिवाजी पार्कचे मैदान लोकांसाठी खुले झाले ते १९२५ मध्ये. हा सारा इतिहास मी सौभाग्यवतींना ऐकवला. त्या म्हणाल्या, “मग ठरलं तर! दादर!” इतिहास सांगताना माणसाने कुठे थांबावे हे मला अजून कळत नाही.

माझा स्वतःचा ओढा कुलाब्याकडे. १९०३ चा ताज, १९२४ साली पुरा झालेला गेटवे, म्युझियम, गल्ल्यांतल्या जुन्या इमारती, सगळे पायी पायी. पण कुलाब्याचे नाव काढताच घरात हशा पिकला. त्याचे कारण सांगायला हवे. लग्नाच्या पहिल्या वर्षी सूर्यास्त दाखवतो म्हणून मी सौभाग्यवतींना गेटवेवर नेले होते. आम्ही पाण्याकडे तोंड करून तासभर उभे राहिलो. अंधार पडला, पण सूर्य काही बुडेना. शेवटी एका फुगेवाल्याने सांगितले, “साहेब, तो पाठीमागं केव्हाच बुडाला!” गेटवेचे तोंड बंदराकडे, म्हणजे पूर्वेकडे आहे. तिथे सूर्य उगवतो, मावळत नाही. दुसऱ्या दिवशी घारापुरीची लेणी पाहायला निघालो, तर तो सोमवार. सोमवारी लेणी बंद असतात. तेव्हापासून कुलाब्याविषयी माझा शब्द घरात चालत नाही.

मग मी कागदावर तक्ता मांडला. कामाचे ठिकाण कोणत्या मार्गावर? सकाळची गर्दी उत्तरेकडून दक्षिणेकडे येते आणि संध्याकाळची परत जाते. तेव्हा पाहुण्याने दक्षिणेत राहून सकाळी उत्तरेकडे जावे, म्हणजे गाडीत उभे राहायला तरी जागा मिळते. अंधेरीला आणि वांद्रे-कुर्ल्याला कचेऱ्या झाल्यापासून हा नियम पूर्वीइतका पक्का राहिलेला नाही, तरी अगदी खोटाही झालेला नाही. पावसाळ्यात जायचे तर हिंदमाता, किंग्ज सर्कल, शीव हे सखल भाग टाळावेत. सकाळचे विमान असेल तर पार्ले बरे. बरोबर म्हातारे माणूस असेल तर लिफ्ट आहे की नाही ते खोलीच्या दराआधी विचारावे.

तक्ता झाला. आईला विचारले, “तुला कुठं बरं वाटेल?”

“मला काय, कुठंही चालेल,” आई म्हणाली.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे ‘कुठंही चालेल’ आपण फार लवकर खरे मानतो. मीही मानले आणि दादरची खोली जवळजवळ नक्की केली.

त्याच संध्याकाळी बोरिवलीहून मामीचा फोन आला. आम्ही येणार असल्याची बातमी तिला कुणीतरी दिली होती. “येताय म्हणे. कुठल्या गाडीनं? मी भाजणी दळून ठेवते.” मी चाचरत म्हटले, “मामी, या खेपेला आम्ही दादरला हॉटेलात उतरतोय. तुम्हाला उगीच त्रास नको.” पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. मग मामी म्हणाली, “बरं. हॉटेलात काय, सगळी सोय असते.” आणि तिने फोन ठेवला.

त्या रात्री मला झोप आली नाही.

आमच्या लहानपणी ‘मुंबईत कोणत्या भागात राहायचे’ हा प्रश्नच नव्हता. प्रश्न एकच, ‘कुणाकडे?’, आणि त्याचे उत्तरही एकच: गिरगावात, मामाकडे. आईचे माहेर गिरगावातले. चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी, टोकाला सामाईक संडास. मे महिन्यात तिथे आम्ही अकरा-बारा माणसे असायचो. पुरुषमाणसे गॅलरीत, बायका-मुले बाहेरच्या खोलीत. गाद्या कमी पडायच्या, पण आम्हा मुलांना कधीच कमी पडल्या नाहीत. मामी कुठे झोपत असे, हा प्रश्न मला तीस वर्षांचा होईपर्यंत पडला नाही. पडला तेव्हा आईला विचारले. ती म्हणाली, “स्वयंपाकघरात, मोरीकडं पाय करून. गादी तुझ्याखाली असायची.” पहाटे चारला नळ येई. आम्ही उठायच्या आत मामीने पिंपे भरलेली असत. तिला पंक्तीला बसून जेवताना मी पाहिलेले नाही.

मामा गेले. चाळ पाडून नवी इमारत बांधायचे ठरले, भाडेकरू पांगले. मामी मुलाकडे बोरिवलीला गेली. चौदावा मजला, पण घर लहान. दोन नातवंडे, त्यांचे अभ्यास. आम्ही चौघे तिथे उतरणे म्हणजे सुनेच्या डोक्यावर ओझे, हे खरे होते. मी तेच पुन्हा पुन्हा मनाला सांगत होतो. सौभाग्यवतींनी अंधारातून विचारले, “अहो, जागेच आहात ना? एक सांगू? तिला त्रास नको म्हणून आपण हॉटेलात उतरत नाही. आपल्याला अडचण नको, म्हणून उतरतो आहोत.”

लग्नाला तीस वर्षे झाली की बायकोला खरे बोलायला दिवा लावावा लागत नाही.

सकाळी चहाच्या वेळी मी आईला सारे सांगितले. ती म्हणाली, “तू मला विचारलंस, कुठं राहायचं. तिला विचारलंस का?”

“तिला काय विचारायचं? ती म्हणणार, माझ्याकडं या.”

“ते नव्हे रे. तिला कुठं राहावंसं वाटतं, ते विचार.”

मी फोन लावला. “मामी, आम्ही गिरगावात खोल्या घेतो. चार दिवस तू आमच्याकडं राहायला ये. आईबरोबर.” पलीकडे इतका वेळ शांतता होती, की फोन तुटला असे मला वाटले. मग मामी म्हणाली, “गिरगावात? चर्नी रोडला उतरले की पुढं मी डोळे मिटून चालत येईन.” आणि लगेच, “पण भाजणी मी आणणार हो!”

मग गंमत पाहा. माझा तक्ता पुन्हा मांडला तर गिरगाव सगळ्या रकान्यांत उत्तीर्ण! ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पुरी झाल्यापासून गिरगावच्या स्टेशनातून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत गाडी न बदलता जाता येते; मुलाखतीची सोय झाली. चर्नी रोडहून दादर वीसएक मिनिटांवर. सौभाग्यवतींच्या साड्या सुरक्षित. नाटकासाठी साहित्य संघ मंदिर तर गिरगावातच. लिफ्ट असलेले एक साधे, स्वच्छ लॉज मिळाले.

आम्ही गाडीतून उतरलो ते थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर. आईने टॅक्सीवाल्याला सांगितले, “बोरीबंदरहून गिरगावला किती घेशील?” तो म्हातारा होता, त्याला कळले. वाटेत तिने कन्येला सांगितले की ३१ मार्च १९६४ ला मुंबईची शेवटची ट्राम इथूनच दादरला गेली, आणि तिचे दादा ती पाहायला जाऊन रात्री उशिरा घरी आले म्हणून वडिलांची बोलणी खाती झाले. पुढच्याच वर्षी ती लग्न होऊन नागपूरला आली.

दुपारी नातू मामीला टॅक्सीने घेऊन आला. हातात पिशवी, पिशवीत भाजणी, डबाभर लाडू. दारातच तिने आईला विचारले, “वन्सं, प्रवासाची दगदग नाही ना झाली?” जणू पाहुणे आम्हीच.

संध्याकाळी दोघींना घेऊन त्यांच्या गल्लीत गेलो. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला, तो हा परिसर. पण त्यांच्या चाळीच्या जागी पत्र्याचे कुंपण होते. आत खोदकाम. आत पाहायला एक फट होती. तिच्यातून एकेकीने डोकावून पाहिले. मग मामीने हात वर केला आणि मोकळ्या हवेत एका जागी बोट दाखवले. “वन्सं, ती आपली खोली. तिथं.” आईने वर पाहिले आणि म्हणाली, “नाही वहिनी, जरा डावीकडं. गॅलरीचा खांब आडवा यायचा नाही का?” दोघींचा तिथे रस्त्यात उभ्या उभ्या वाद झाला. कन्या हसता हसता एकाएकी गप्प झाली आणि तिने मामीची पिशवी आपल्या हातात घेतली.

तिथून चौपाटीवर गेलो. लोकमान्यांच्या पुतळ्याशी नमस्कार करून दोघी वाळूत बसल्या. मी सर्वांना पश्चिमेकडे तोंड करायला सांगितले. या खेपेला सूर्य समोर बुडाला. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. काही बोलल्या नाहीत. एवढी वर्षे साचलेली ती थट्टा त्या दिवशी फिटली असे मी समजतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मला जाग आली ती नळाच्या आवाजाने. पाहतो तो शेजारच्या खोलीचे दार उघडे, आणि मामी न्हाणीघराच्या दाराशी उभी. गिरगावात निजली, म्हणून गिरगावच्या वेळेला उठली होती. मला पाहून ओशाळली. “अरे, सवयीनं उठले बघ. आता इथं काय भरायचंय! हा तर चोवीस तास येतो.” मी तिला म्हटले, “मामी, तू नीज. चहा झाला की मी उठवतो.”

सहाला मी खालून चहा मागवला आणि कप तिच्या अंथरुणाशी नेऊन दिला. मामी उठून बसली, कप दोन्ही हातांत धरला. आई शेजारच्या खाटेवरून पाहत होती. मामी म्हणाली, “साठ वर्षांत गिरगावात आयता चहा आज पहिल्यांदा प्यायले, वन्सं.” मग तिने विचारले, “तुमचा झाला का?” आमचा झाला नव्हता. पण मी “झाला” म्हणालो. त्या घरात हे खोटे फक्त तीच बोलत आली होती. एकदा मला बोलायला मिळाले.

तेव्हा वाचकहो, मुंबईला जाल तेव्हा माझा तक्ता जरूर वापरा. मार्ग, गर्दी, पाऊस, लिफ्ट, सारे खरे आहे. फक्त खोली नक्की करण्यापूर्वी एक रकाना वाढवा: आपल्याला भेटून ज्यांना आनंद होणार आहे, त्यांना कुठे राहायला आवडेल? आणि त्यांच्या घरी जागा नसेल, तर आपल्याकडे आहे का?

ता. क. कन्येला मुंबईची ती नोकरी मिळाली नाही. दुसरी पुण्याला मिळाली. आता पुण्यात उतरायचे कुठे हा प्रश्न आहे. सदाशिव पेठेत आईची चुलतबहीण असते. या वेळी तक्ता मांडण्याआधी मी तिला फोन केला. ती म्हणाली, “आधी कळवून या. दुपारी एक ते चार मात्र बेल वाजवू नका.”