मिलिंग मशीन कॉम्प्युटरवर घ्यायच्या आधी

गेल्या मृगात आमच्या टोकण यंत्राची बियाण्याची चकती फुटली. वाफसा निघून चाललेला, तालुक्यात चकती मिळेना. पुतण्यानं त्याच्या छोट्या मिलिंग मशीनवर हातानं भोकं पाडून दिली. पेरणी झाली, पण भोकांचं अंतर चुकलं. सोयाबीन कुठं दाट, कुठं विरळ. आता तो म्हणतोय, मशीनला मोटारी लावून सीएनसी करतो.

माझं मत, जरूर कर. पण पहिला पैसा मोटारीत घालू नको. आधी हँडल उलटं फिरवून बघ. टेबल हलायच्या आधी हँडल जेवढं रिकामं फिरतं, तेवढी स्क्रूत ढिलाई. हातानं काम करणारा एकाच बाजूनं टेबल आणून ती सांभाळून घेतो. साधी स्टेपर मोटर टेबल खरंच पोचलं का हे बघत नाही. गोल कापायला सांगितलं तर वेडंवाकडं कापून ठेवते.

हिशोब करा. मोटरच्या एका फेऱ्यात 200 पावलं. स्क्रूची चाल 5 मिमी असेल तर एका पावलाला 0.025 मिमी. पण स्क्रूतच अर्धा मिमी ढिलाई असली तर हा बारकावा मातीत गेला. म्हणून आधी बॉल स्क्रू बसवा, टेबलाची ढिलाई काढा, मग मोटारी.

वर्षाला एखादीच चकती लागत असेल तर हातच बरा. चार गावांच्या चकत्या उन्हाळ्यातच करून ठेवायच्या असतील तर खर्च वसूल होईल.

आणि फुटकी चकती भंगारात देऊ नका. माप तिच्यावरूनच घ्यायचंय.