विश्लेषण : साठ वर्षे जुना जॅझ अल्बम आता ग्रुपवर पाठवता येतो का?

अमेरिकी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचा ‘अ लव्ह सुप्रीम’ हा अल्बम १९६५च्या सुरुवातीला प्रकाशित झाला. त्याच्या ध्वनिमुद्रणावरील कॉपीराइटची भारतातील मुदत ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली. जॅझप्रेमी एकमेकांना जुन्या रेकॉर्ड उसन्या देतात, एकत्र बसून ऐकतात, हल्ली फाइलही पाठवतात. मग हा अल्बम आता कोणीही कोणालाही पाठवू शकतो का? कायद्याचे उत्तर ‘अजून नाही’ असे आहे. ते का, याविषयी...

अल्बम इतका महत्त्वाचा का?

कोल्ट्रेन, मॅकॉय टायनर (पियानो), जिमी गॅरिसन (बास) आणि एल्विन जोन्स (ड्रम्स) या चौघांनी ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतील रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित केला. चार भागांची ही रचना सुमारे ३३ मिनिटांची आहे. शेवटच्या भागात कोल्ट्रेन यांनी स्वतःची प्रार्थनावजा कविता सॅक्सोफोनवर जणू शब्दागणिक म्हटली आहे. ही कविता वेष्टनावर छापलेली होती. त्यामुळे वेष्टन हातात धरून, ओळीवर बोट ठेवून हा भाग ऐकणारे रसिक आजही आहेत.

एका अल्बमला दोन मुदती कशा?

अल्बमवर किमान दोन वेगळे हक्क असतात. पहिला ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे त्या दिवशी स्टुडिओत टिपलेल्या आवाजाचा. कॉपीराइट कायदा, १९५७नुसार तो प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. दुसरा संगीतरचनेचा. तो रचनाकाराच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. कोल्ट्रेन यांचे निधन १७ जुलै १९६७ रोजी, वयाच्या ४०व्या वर्षी झाले. म्हणजे रचना आणि कविता या दोन्हींवरील हक्क ३१ डिसेंबर २०२७पर्यंत कायम आहे. फाइलची प्रत काढली की ध्वनिमुद्रणाबरोबर रचनेचीही प्रत निघते. अडचण इथेच आहे.

इतर देशांत काय स्थिती?

युरोपीय संघाने ध्वनिमुद्रणाची मुदत ५०वरून ७० वर्षे केली. त्यामुळे १९६५चा हा अल्बम तिथे २०३५च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. अमेरिकेत २०१८च्या कायद्यानुसार १९५७ ते फेब्रुवारी १९७२ या काळातील ध्वनिमुद्रणांना १५ फेब्रुवारी २०६७पर्यंत संरक्षण आहे. पुण्यातून फाइल न्यू जर्सीतल्या भावाला पाठवली, तर तिथे तिथला कायदा लागू होतो.

सिएटलची टेप वेगळी का?

ऑक्टोबर १९६५मध्ये कोल्ट्रेन यांनी सिएटलच्या ‘पेंटहाउस’ क्लबमध्ये हीच रचना वाजवली. सॅक्सोफोनवादक जो ब्राझील यांनी ती टेप केली. अनेक दशके ही टेप त्यांच्या खासगी संग्रहात राहिली आणि २०२१मध्ये अल्बम म्हणून बाहेर आली. वादन १९६५चे असले, तरी मुदत प्रकाशनापासून मोजली जाते. त्यामुळे हे ध्वनिमुद्रण अजून कित्येक दशके संरक्षित राहील. जुन्या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत प्रथमच आलेल्या टेकनाही हाच नियम लागतो. ‘जुने म्हणजे मुक्त’ हा समज इथे फसतो. त्याच वेळी, एका संग्राहकाने जपले नसते तर हे वादन आज ऐकताच आले नसते, हेही खरे.

रसिकांना मोकळीक किती?

विकत घेतलेली रेकॉर्ड मित्राला फुकट उसनी देण्यास हरकत नाही. निर्बंध व्यावसायिक भाड्यावर आहे. स्वतःच्या खासगी वापराला कलम ५२ सवलत देते. नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबने आपल्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवले, तर तेही याच कलमानुसार उल्लंघन ठरत नाही. कॅफेने ग्राहकांसाठी तीच रेकॉर्ड लावली, तर मात्र ही सवलत मिळत नाही. शेकडो सदस्यांच्या ग्रुपवर फाइल टाकण्याला ‘खासगी वापर’ म्हणणे कठीण आहे. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. कमाईचा हेतू नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते.

थोडक्यात काय?

फाइल पाठवण्यापेक्षा एकत्र बसून ऐकण्याला कायदा अधिक मोकळीक देतो. दूरच्या मित्रासाठी अधिकृत स्ट्रीमिंगची लिंक हा सोपा मार्ग आहे. ‘अ लव्ह सुप्रीम’ची मूळ १९६५ची आवृत्ती भारतात रचनेसह मुक्त होण्यासाठी १ जानेवारी २०२८ची वाट पाहावी लागेल.